देशमुखांची नवी कानस

शनिवार, जेवणानंतर

लाज वाटते आहे. दुपारी शिफ्ट सुटल्यावर युनियनच्या गेटसभेत मी गरजलो, "हत्यार एकाचं नसतं, राबणाऱ्या सगळ्यांचं असतं!" केवढ्या टाळ्या पडल्या. तासाभरात शेजारच्या क्वार्टरमधले देशमुख दारात उभे. "अण्णा, कानस द्या ना जरा. आईच्या लोखंडी खाटेची कड वर आली आहे. आज बोट चिरलं तिचं."

मी ओट्यावर सुरीचं पातं घासत बसलो होतो. कानस हातातच, पायजम्यावर लोखंडाचा कीस. माझी सगळ्यात लाडकी कानस. गंजक्या खाटेवर तिचे दाते जातील, एवढंच मनात आलं. म्हणालो, "पार झिजली हो, चालतच नाही."

त्यांनी तो कीस पाहिला असेल का? "बरं," म्हणून वळले.

दिवेलागणीला परत आले. जवाहर चौकातून दोन नव्या कानशी आणल्या होत्या. "एक तुम्हाला. तुमच्या सुऱ्या कशाला अडायच्या? आणि अण्णा, आजचं भाषण एकदम जोरदार!"

तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं. माईकसमोर कधी न अडखळणारी माझी जीभ... त्याऐवजी म्हणालो, "चला, कड मीच घासून देतो."

घासून दिली. म्हातारीने कडेवरून बोट फिरवलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला. देशमुख म्हणाले, "बघ आई, बोलतात तसंच वागतात."

आणि घासायला मी नेली होती ती त्यांनीच आणलेली नवी कानस. माझी लाडकी, तेव्हासुद्धा, तेल लावून फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवूनच निघालो होतो.