दुपारचे चार, पलंग खिडकीशी

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नाटक एकदाचं लिहून झालं. प्रत सोबत पाठवतोय. शिवणाच्या मशीनवरून तू मान वर करणार नाहीस हे ठाऊक आहे, तरी वाच. आणि कंसातलं गाळू नकोस. आमचे दिग्दर्शक म्हणतात, पात्रानं तोंड उघडायच्या आत आपण कुठे आहोत आणि किती वाजलेत हे प्रेक्षकाला कळलं पाहिजे. ते काम रंगसूचनेचं. पहिल्या अंकाची सूचना मी अकरा वेळा लिहिली. तालमीत वाचली तेव्हा दिग्दर्शकांनी ती पुन्हा वाचायला लावली. गोष्ट अण्णांच्या आजारपणाची आहे. पहिल्या प्रयोगाला पुढची खुर्ची तुझी. गुडघा कसा आहे ते कळव.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा

११ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

कंसातलं आधी वाचलं आणि तिथेच अडकले. तू लिहिलंस: ‘दुपारचे चार. पलंग खिडकीशी. वडिलांच्या खांद्यांवर मुलीची हिरवी शाल.’

अण्णांचा पलंग नऊ वर्षं भिंतीकडेच होता. त्यांना उजेड हवा झाला म्हणून शेजारणीला हाताशी घेऊन मी तो खिडकीशी ओढला, तो शेवटच्या दिवशी, जेवणं झाल्यावर. सहाला ते गेले. माणसं जमली तेव्हा तो परत भिंतीला लावला. तू तिसऱ्या दिवशी आलास, रजा मिळाली नाही म्हणालास. पलंगाचं मी तुला कधी बोलले नाही. शेजारीणही नाही म्हणते, तिला आजच विचारून आले.

पुढे लिहिलंस, ‘मुलगी औषधाला बाहेर गेली आहे. मुलगा आत येतो, वडिलांना पाणी पाजतो.’ मी कुठेही गेले नव्हते रे. खरं काय ते लिही.

वाट पाहणारी,
ताई

१७ मार्च

ती. ताईस,
सा. न.

आलो होतो. रजाही मिळाली होती. चारच्या सुमारास फाटकातून आत आलो आणि खिडकीतून दिसलं. तू चमच्यानं पाणी पाजत होतीस, ते त्यांच्या हनुवटीवरून ओघळत होतं. माझ्यानं पाऊल उचलवेना. पाच मिनिटं उभा राहिलो आणि परतीची गाडी धरली. नाटकात तरी आत जावं असं वाटलं. त्यासाठी तुला बाहेर काढलं. लिहिताना त्याचं काही वाटलंही नाही, हे आता जास्त लागतंय. म्हणशील तर प्रयोग थांबवतो.

माफ कर म्हणायला तोंड नाही.
धाकटा

२४ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

प्रयोग थांबवू नकोस. मी येणार नाही. तू घाबरलास हे समजू शकते. मीही घाबरलेच होते, मला पळायला जागा नव्हती इतकंच.

पण एक तुला ठाऊक नाही. त्या दुपारी अण्णा खिडकीकडे बघून म्हणाले, “धाकटा आलाय बघ.” मी वळून पाहिलं तर बाहेर कुणी नव्हतं. त्यांना भास होताहेत असं वाटून मी म्हटलं, “नाही हो अण्णा, कुणी नाही.” त्यांनी पुन्हा सांगितलं, मी पुन्हा नाही म्हटलं. मग त्यांनी मान फिरवली आणि शेवटपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

दोन वर्षं मी समजत होते की मी त्यांची समजूत काढली. ते खरं सांगत होते आणि तुझ्यापायी मी त्यांना खोटं पाडलं.

लोभ असू दे, असं शेवटी लिहायची रीत आहे. या खेपेला लिहीत नाही.

ताई