बरणीतला आरोपी

ती. वन्सं यांना,

तुमच्या भावजयीचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकूनच लिहितेय. कापायच्या टेबलावर एका गिऱ्हाइकाचा कोट उसवून पसरलाय, आणि उरलेल्या कोपऱ्यात हा कागद.) तुमचे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला गेला का? घराला रंग लावून झाला, भिंती उजळल्या, हे ऐकून फार बरं वाटलं. इकडे सगळे खुशाल आहेत, एक मासा आणि एक सासरे सोडून. मासा कोठडीत होता, तो काल सुटला. सासऱ्यांनी मात्र जाहीर करून टाकलंय की रविवारी तुम्ही याल तेव्हा ते तुमच्याबरोबर निघणार, आणि या घराची पायरी म्हणून पुन्हा चढणार नाहीत. बॅग भरून दारात आणून ठेवली आहे. हे सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण बाबांचे कान तुम्हाला माहीत आहेत. घरात सुई पडली तर कितव्या नंबरची पडली ते पडद्याआडून सांगतात. म्हणून पत्र.

तर मुळापासून सांगते. तुमच्याकडे रंगारी शिरले आणि बाबा पंधरा दिवसांसाठी म्हणून इकडे आले, त्याला आता अख्खा ऋतू उलटून गेला. येताना मांडीवर ती काचेची टाकी, आत शेवाळ, हिरवी झाडी, एक वाकडं लाकूड आणि तुम्ही हौसेनं घेऊन दिलेल्या नखाएवढ्या लाल कोळंब्या. सासूबाई गेल्यापासून ते भिंतीकडे बघत बसतात, त्यापेक्षा काहीतरी हलणारं बघावं, हा तुमचा विचार. विचार उत्तम होता. (टाकी ठेवायला जागा कुणाच्या घरात आहे, हा विचार तेवढा राहून गेला, पण असो.) आमच्याकडे पुढची खोली म्हणजे दुकान, मागची म्हणजे घर, आणि मधे एक पडदा. टाकी बसली दुकानात, बटणांच्या कपाटावर, आणि शेजारी खुर्ची टाकून बाबा. लोक येतात पँटची लांबी कमी करायला, चेन बदलायला. त्यांना आधी कोळंब्या बघाव्या लागतात. एवढासा जीव, पण दिवसभर शेवाळ निवडतोय, कुणाच्या अध्यात ना मध्यात, असे दहा शिपाई हाताखाली मिळाले असते तर शहर सुधारलं असतं, हे बाबांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय की माझं मशीनही आता त्याच तालावर चालतं. हवालदारकीतून निवृत्त होऊन त्यांना इतकी वर्षं झाली. वर्दी उतरली, हवालदार काही उतरला नाही.

शेठला, म्हणजे त्या माशाला, आणलं मी, हे कबूल. झालं काय, रस्त्यावरून पाहिलं की त्या कोळंब्या म्हणजे पाण्यात लाल दोऱ्याचे तुकडे पडल्यासारख्या दिसायच्या. येणारं प्रत्येक मूल काचेला नाक लावून विचारायचं, मासा कुठाय? शेवटी मी माशांच्या दुकानात गेले आणि एक बेट्टा जातीचा मासा घेऊन आले. कोटाला आतून गडद निळं अस्तर लावतात ना, थेट तो रंग, आणि पर असे की रेशमाचा काठ दुमडायचा राहून गेलाय. दुकानदाराला विचारलं, कोळंब्यांबरोबर नांदेल ना? म्हणाला, झाडी दाट असली की दोघं सुखानं नांदतात. आणि नाही नांदले तर? तर म्हणे आम्ही माल परत घेत नाही. (आमच्या लग्नाच्या वेळी मला कुणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं.) खातो, पानावर लोळतो आणि मनासारखं झालं नाही की गाल फुगवतो, म्हणून मी त्याचं नाव ठेवलं शेठ. बाबांनी मात्र आधी जात विचारली. लोक याला फायटर म्हणतात असं कळल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, म्हणजे जुना गुन्हेगार दिसतोय. त्यात आमचा मापाचा मोठा आरसा नेमका समोर. शेठनं त्यात स्वतःला पाहिलं आणि जो पिसारा फुलवून भांडायला उठला, तो दुपारपर्यंत थांबेना. बाबांचं म्हणणं, स्वतःशी भांडणारा इसम शेवटी शेजाऱ्यावर जातो, असे त्यांनी कोठडीत ढिगानं पाहिलेत. मग मी आरशावर चादर टाकली. तेव्हापासून गिऱ्हाइकांना कपडा अंगावर कसा बसला ते माझ्या तोंडून ऐकावं लागतं.

आठवडाभरानं पहिला मुडदा सापडला. पांढुरका, पारदर्शक, लाकडाच्या पायथ्याशी आडवा. बाबांनी माझ्या दोरे उपसायच्या चिमट्यानं तो बाहेर काढला आणि रीतसर पंचनामा केला. पंच म्हणून शेजारचा इस्त्रीवाला, आणि एक गृहस्थ ज्यांच्या एका पायाची पँट मी टाचण्या लावून ठेवली होती, त्यामुळे त्यांना पळता आलं नाही. मुडदा बटणांच्या रिकाम्या डबीत जमा झाला. मग दुसरा सापडला. मग तिसरा. आणि जिवंत होत्या त्या कोळंब्याही दिसेनाशा झाल्या, झाडीत अशा दडून बसल्या की बाबा म्हणाले, साक्षीदार दहशतीखाली आहेत. एका सकाळी उठून बघते तर शेठ एका बरणीत, झाकणाला भोकं, आणि बरणी बाबांच्या खुर्चीखाली. अटक झाली होती.

आता मीही काही गप्प बसणारी नव्हे. मी म्हटलं, रंगेहाथ पकडलंय का? कुणी पाहिलंय का? उगाच साप म्हणून भुई धोपटण्यात काय अर्थ आहे? ते म्हणाले, ज्याच्या घरात खून होतात आणि जो एकटाच धडधाकट हिंडतो त्याला काय हार घालायचा? मी म्हटलं, या न्यायानं तुम्हालाही आत टाकायला हवं. शब्दानं शब्द वाढला. मी रागारागानं एका बाईंच्या स्कर्टची खालची घडी घालायला बसले, आणि नेमकं तेव्हा बाबा समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, या घरात एक तर तो मासा राहील नाही तर मी, काय ते सांग.

वन्सं, माझ्या तोंडात टाचण्या होत्या. ओठांत ओळीनं धरलेल्या, नेहमी धरते तशा. हातात घडी, ती सोडली तर स्कर्ट वाकडा. बोलले तर टाचणी घशात. उत्तर काय द्यायचं याचा प्रश्नच नव्हता हो, तुम्हीच राहणार, यात विचारायचं काय, एवढंच म्हणायचं होतं. पण म्हणता आलं नाही, आणि त्यांनी माझा गप्प राहण्याचा वेळ मोजला आणि मान हलवली, आरोपीनं गुन्हा कबूल केल्यावर हलवत असतील तशी. मी टाचण्या थुंकेपर्यंत ते पडद्याआड गेले होते आणि बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

झालं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. निरोप नेतात तुमचे बंधू. (लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, दिवसभर लोकांना वरखाली करतो आणि घरी आला की इकडून तिकडे. दोन्ही बाजूंचं ऐकून घेतो आणि दोन्हीकडे हो म्हणतो. तुम्ही लहानपणीच याचे कान पिळायला हवे होते.) त्यांनी बॅग जरा आत सरकवायला हात लावला, तर बाबांनी तिथेच थांबवलं, माझं ओझं मी उचलतो म्हणाले. बरं, आपण घर सोडून चाललोय ही बातमी इस्त्रीवाल्याला, पोस्टमनला, कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला, सगळ्यांना स्वतः जाऊन सांगून आले. आता सगळा रस्ता मला विचारतो, काय हो, रविवारी ना?

मग मला एक सुचलं, आणि हे तुमच्या-माझ्यातच ठेवा. कोळंब्या सगळ्या जिथल्या तिथे आहेत असं दिसलं, तर शेठ निर्दोष ठरेल आणि बॅग आत जाईल. म्हणून मी बाजारातून थोड्या कोळंब्या आणल्या, अस्तराच्या गठ्ठ्यात पिशवी लपवून, आणि बाबा अंघोळीला गेले की टाकीत सोडू लागले. झालं उलटंच. शेठ बरणीत, तरी मुडदे सापडतच राहिले, आणि त्याच वेळी टाकीत कोळंब्याही वाढत गेल्या. बाबा इस्त्रीवाल्याला सांगत होते, अख्ख्या नोकरीत असलं प्रकरण पाहिलं नाही, इथे मेलेलेही हजेरी लावतायत. तरी आरोपी बाहेर काढेनात, म्हणे त्याचे साथीदार असतील.

काल उलगडा झाला, तोही माझ्या वेंधळेपणानं. एका कोटाला बटण शोधताना मी चुकीची डबी उघडली आणि सगळे मुडदे काळ्या कापडावर, मशीनच्या दिव्याखाली सांडले. मी ओरडणार होते. पण वन्सं, इतकी वर्षं कपडे उसवण्यात गेली. नजर आधी शिवणीवर जाते. पाहिलं, तर पाठीवर एकच चीर. सगळ्या बाह्या शाबूत, कुठे फाटलेलं नाही, कुठे ओढलेलं नाही, धाग्याएवढ्या मिशीचं टोकसुद्धा जागेवर. आणि आत कुणीच नाही. मारून खाल्लेल्याचा अंगरखा असा नीट उतरलेला असतो का? माशांच्या दुकानात फोन लावला तर तो माणूस हसत सुटला. म्हणे बाई, त्या वाढतात तशी कात टाकतात, आणि नवी कात कडक होईपर्यंत घाबरून लपून बसतात. खून एकही झालेला नाही. वाढ झालीय फक्त. शेठ बिचारा फुकटचा आत बसला.

आता हे सांगायचं कसं? बोलणं बंद. मी त्यातला सगळ्यात मोठा अंगरखा काळ्या कापडावर ठेवला, शेजारी बाबांचं भिंग ठेवलं, आणि तुमच्या बंधूंना मोठ्यानं सांगितलं की कुणाला बघायचं असेल तर बघा, पाठीवरची चीर बघा आणि बाह्या बघा. बाबा आले. बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग खुर्चीखालून बरणी काढली, स्वतःच्या हातानं झाकण उघडलं आणि शेठला हलकेच टाकीत सोडलं. निर्दोष सुटलेल्याशी काय बोलायचं, याची त्यांच्या खात्यात पद्धत नसावी. शेठ थेट आपल्या पानावर जाऊन आडवा झाला, आणि एक कोळंबी त्याच्या पोटाखालून आरामात चालत गेली. बाबांनी ते पाहिलं, आणि मी बाबांना पाहिलं.

पण बॅग दारातच आहे. सगळ्या रस्त्याला सांगून झालेलं, आता माघार कोणत्या तोंडानं घेणार? तेव्हा तुम्ही ठरल्याप्रमाणे रविवारी या. मी काही अडवणार नाही. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
टाचण्यावाली भावजय

ता. क. : मुख्य गोष्ट राहिलीच. रविवारी येऊ नका. वन्सं, मला ते जायला नको आहेत. संध्याकाळी दुकान आवरताना ते लोहचुंबक घेऊन जमिनीवरच्या टाचण्या गोळा करतात, कुणाच्या पोराच्या पायात जायला नको म्हणून, आणि तेव्हा सासूबाईंबद्दल बोलतात. दुसऱ्या कुठल्या वेळी बोलत नाहीत. आता बोलणंच बंद आहे, तरी टाचण्या गोळा करतात. तर कृपा करून बाबांना तुमच्या अक्षरात दोन ओळी लिहा, की मागच्या खोलीचा रंग अजून वाळला नाही, इतक्यात येऊ नका. म्हणजे ते तुमच्यासाठी थांबले असं होईल, माझ्यासाठी नव्हे. तुमचं एकही खोटं त्यांच्यापुढे आजवर पचलेलं नाही हे मला माहीत आहे, म्हणून थोडक्यातच लिहा.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवत होते तेवढ्यात बाबा शेजारी येऊन उभे राहिले. टाकीकडे बघत म्हणाले, बाजारच्या कोळंब्यांचा रंग जरा फिका असतो, पण रुळतील. (म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं!) मग जाता जाता, जणू पडद्याला सांगतायत असं, म्हणाले की नव्या रंगाचा वास फार दिवस राहतो म्हणतात, छातीला बरा नसतो. मी म्हटलं, हो ना बाबा. तर वाळण्याचं राहू द्या, वासाचंच लिहा.

ता. क. तिसरा : आत्ता झाडू मारताना दारातली बॅग उचलून बाजूला ठेवायला गेले, आणि ती अशी हातात आली की मी पडता पडता वाचले. आत काहीच नाही. सदरे सगळे पहिल्यापासून खुंटीवरच आहेत, माझं लक्ष नव्हतं. तरी तुम्ही पत्र लिहाच, वासाचं लिहाच. बाबा पडद्याआडून ऐकत असणार, म्हणून मी बॅग दोन्ही हातांनी धरून, जड असल्यासारखी, होती तिथे परत ठेवली आहे.