मारणारे हे, पळणारा संपत

खडकी,
९ फेब्रुवारी १९८७

ती. दादास,
सुनीतीचा सा. न. वि. वि.

आम्ही सर्व खुशाल. उल्काच्या लग्नाची तारीख वैशाखातली ठरली. जावई जूनमध्ये नोकरीसाठी मस्कतला जाणार, म्हणून त्यांच्याकडे घाई. साड्यांच्या खरेदीने नाकी नऊ आले. उल्का माझं ऐकत नाही, दुकानदार ऐकतो, एवढंच बरं.

तू शाळेत खेळ शिकवतोस म्हणून विचारते. आमच्या क्वार्टर्सच्या मैदानावर दर रविवारी पोक्त माणसं स्लो-पिच सॉफ्टबॉल खेळतात. त्यात हेही. मी चहाचा थर्मास घेऊन जाते आणि काय चाललंय ते शेवटपर्यंत कळत नाही. चेंडू टाकणारा तो इतका सावकाश उडवतो की मध्ये एक जांभई सहज होते. ह्यांना नियम विचारले, तर म्हणाले, कळून काय करणार, टीममध्ये यायचंय का? केस पांढरे झाले, पण जिभेची धार तशीच आहे.

आणखी एक गंमत. हे चेंडू मारतात झकास, पण मारून तिथेच उभे. पळतो शेजारचा संपत. पंच दत्तोबांना ते चालतं. बाकीचे सगळे आपापले पळतात, मग ह्यांनाच हा मान कसला? पुढच्या महिन्यात विहीणबाईंना सामना दाखवायला न्यायचं आहे. नियम नीट लिही, म्हणजे माझी फजिती होणार नाही.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी,
सुनीती


जळगाव,
१४ फेब्रुवारी १९८७

रा. रा. श्यामसुंदरराव यांस,
श्रीनिवासचा सा. न. वि. वि.

पत्र मुद्दाम कारखान्याच्या पत्त्यावर पाठवत आहे. सुनीतीने तुमच्या खेळाचं केलेलं वर्णन वाचून हसत होतो, तो संपतपाशी येऊन थांबलो.

आमच्याकडेही मोठ्या माणसांचे असे सामने होतात. आपल्याऐवजी दुसऱ्याने पळावं असं वाटलं, तर आपलं दुखणं आधी पंचाला सांगावं लागतं. मान म्हणून पळायला माणूस कोणी देत नाही. म्हणजे दत्तोबांना जे ठाऊक आहे, ते माझ्या बहिणीला ठाऊक नाही. नुसता पाय मुरगळला असता, तर तिने त्यावर चार पानं लिहिली असती.

काय झालं आहे? जिवाला घोर लागला आहे. उलट टपाली कळवावं.

आपला,
श्रीनिवास


खडकी,
१९ फेब्रुवारी १९८७

श्री. श्रीनिवासराव यांस,
सा. न. वि. वि.

बहीण चौकशी करणारी आणि भाऊ तपास लावणारा. सोयरीक करताना हे पाहायचं राहूनच गेलं.

दिवाळीनंतर छातीत कळ येऊ लागली. डॉक्टर म्हणतात, हृदयाचं दुखणं आहे. जिभेखाली गोळी ठेवायची आणि पळायचं अजिबात नाही. बॅटीबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. खेळ सोडला, तर सुनीती पहिल्याच रविवारी कारण विचारील. तिला कळलं तर ती लग्न पुढे ढकलेल. उल्काचं तर विचारूच नका, बापाला असं टाकून ती मस्कतला जायचीच नाही. लग्न झालं की मी स्वतः सांगेन.

भीती वाटते. हे दुसऱ्या कोणाजवळ बोललेलो नाही. तोवर तोंडाला कुलूप असू द्या, एवढी विनंती.

आपला,
श्यामसुंदर


जळगाव,
२४ फेब्रुवारी १९८७

चि. सौ. सुनीतीस,
अनेक आशीर्वाद.

परीक्षांच्या गडबडीत उत्तराला उशीर झाला. आता नियम. चेंडू हात खालून फिरवून टाकायचा, आणि तो डोक्याच्या वर जाऊन कमानीसारखा खाली यायला हवा. सपाट आला तर चुकीचा धरतात. तुला जांभईला वेळ मिळतो तो म्हणून. मारल्यावर तिन्ही बेसना, म्हणजे मैदानातल्या ठरलेल्या ठाण्यांना, पाय लावून परत मूळ जागी आलं की एक रन. बॅटवाल्याने चेंडू मारेपर्यंत बेसवरच्याने जागा सोडायची नाही. चांगला चेंडू हुकला की एक स्ट्राइक; असे दोन स्ट्राइक पडल्यावर चेंडू रेषेबाहेर मारला, तर माणूस आउट. एवढं विहीणबाईंना सांगितलंस तरी त्या थक्क होतील.

राहता राहिला संपत. त्यात विशेष काही नाही. जुन्या खेळाडूला मान म्हणून पळायला माणूस देतात, आणि थोडा आळसही असतो. श्यामसुंदररावांची त्यावरून खुशाल थट्टा कर.

लग्नघरात दगदग फार होते. दोघांनी एकदा तब्येत दाखवून घ्या. उल्काला आशीर्वाद.

तुझा,
दादा


पुणे,
१० मार्च १९८७

ती. दादास,
नमस्कार.

हे पत्र हॉस्पिटलातून लिहिते आहे. परवा रविवारी विहीणबाई सामना बघायला आल्या होत्या. मी त्यांना तू लिहिलेला एकेक नियम सांगत होते. त्यांना माझं फार कौतुक वाटलं.

ह्यांची पाळी आली आणि संपत पळायच्या तयारीत उभा राहिला. मी ह्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले की आमच्याकडे मारणारे हे, आणि पळायला गडी ठेवलाय. आळसाचासुद्धा केवढा तो मान! विहीणबाई हसल्या, सगळेच हसले. ह्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग हाताने संपतला बाजूला केलं, चेंडू मारला आणि स्वतः पळाले. मी टाळ्या वाजवत होते. हे पहिल्या बेसवर बसले आणि दत्तोबा ओरडत त्यांच्याकडे धावत सुटले. तेव्हाही मला वाटलं, नियमातलंच काहीतरी असेल. मी टाळ्या वाजवतच होते, दादा.

हे शुद्धीवर आहेत. डॉक्टर अजून धीर देत नाहीत. खरा नियम दत्तोबांनी मला इथे बाहेरच्या बाकावर बसून सांगितला. बिचारे रडत होते. आज सकाळी हे एवढंच बोलले की दादाला बोल लावू नकोस, मीच त्याला गप्प बसवलं. म्हणजे तुला माहीत होतं. उल्का माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.

मला कळलं असतं तर मी लग्न पुढे ढकललं असतं. ह्यांनी मला बरोबर ओळखलं होतं, मी ते नक्की ढकललं असतं. पण चार माणसांत मी ह्यांना हसले नसते.

लोभ असावा असं आज लिहवत नाही. मिळेल त्या गाडीने निघून ये.

सुनीती