साबणातलं माप

३ नोव्हेंबर

चि. बारकूस ताईचे आशीर्वाद, वि. वि.

हे काय करून पाठवलंस? मी माप धाडलं सूझाफोनच्या माउथपीसचं, बाजात फुंकायच्या तोंडाचं, आणि तू पाठवलंस औषधाच्या बाटलीचं बूच! दांडी बाजाच्या नळीत घट्ट बसायच्या ऐवजी आत घसरते आणि खुळखुळते. वरच्या कडेत माझे ओठ मावत नाहीत, कुणी चिमटा काढून धरल्यासारखं होतं. फुंकलं तर नुसती फुसफूस. झांजवाली तोंड फिरवून हसली. पंचवीस वर्षं लेथवर प्लास्टिक कातणारा माणूस तू, आणि सख्ख्या बहिणीचं एवढंसं काम धड करता येऊ नये?

तुला हसू येत असेल, मला येत नाही. पितळी माउथपीस लावला की अर्ध्या तासात ओठ टम्म फुगतात, पुरळ येतं, दुसऱ्या दिवशी चहाही पिववत नाही. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरी पिळते म्हणून त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी जाता जाता पाहिलं. म्हणाल्या, तुमच्या अंगाला हा धातू सोसत नाही, वाजवणं सोडा नाहीतर धातू सोडा. मी धातू सोडायचं ठरवलंय. दुकानात प्लास्टिकचे मिळतात, पण आपला बाजा जुना, त्याच्या नळीला आजचा एकही बसत नाही. म्हणून तुला सांगितलं.

बँडमास्तरांनी तीस तारखेपर्यंत मुदत दिली आहे. त्या दिवशी संचलनाची धून न थांबता वाजवली तर बाजा माझ्याकडे राहील, नाहीतर बेकरीवाल्याच्या जावयाकडे जाईल. तो फुंकतो तेव्हा कुणीतरी कपाट सरकवतंय असं वाटतं.

तू लिहिलंस, या वयात कशाला, सोडून दे. सोडून देणं तुला जमतं. बाबांनी तीस वर्षं बँडचा तो थोरला पितळी बाजा अंगावर वागवला, तुला जवळ बसवून शिकवला, आणि सतराव्या वर्षी कंटाळा आला म्हणून तू खाली ठेवलास तो ठेवलासच. मला कुणी शिकवलं नाही. भांडी घासता घासता ऐकलं आणि सेहेचाळिसाव्या वर्षी हातात घेतला. पितळेच्या एका तुकड्यापायी तो मी जाऊ देणार नाही.

नवा करून धाड. तुझ्या बायकोला सांग, तिचा लोभ पोचला. तुझा अजून वाटेत आहे.

ताई

६ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून कान लाल झाले. शेजारच्या लेथवाल्यालाही ऐकू गेलं असावं.

माप मी बरोबर घेतलं होतं, पण साबणाचं. तू माउथपीस धुण्याच्या ओल्या वडीत दाबून ठसा धाडलास. ती वडी पार्सलात सहा दिवस वाळली आणि नंतर माझ्या खिडकीत चार दिवस उन्हात राहिली. साबण वाळला की आकसतो, आणि त्याबरोबर तुझा ठसाही आकसला. हे मला आधी सुचायला हवं होतं, चूक माझी. आता मूळ माउथपीसच पाठव, दोन दिवसांत परत करतो.

मुदत मात्र फार आखूड आहे. जावयाने एखादं वर्ष वाजवला तर आभाळ कोसळणार नाही, एवढं शांतपणे बघ. बाकी जे लिहिलंस ते वाचलं. त्यावर आज नको.

तुझा राग उतरला की थोडा लोभ इकडेही वळव.

बारकू

११ नोव्हेंबर

चि. बारकूस आशीर्वाद.

मूळ माउथपीस धाडता आला असता तर मी चांगली साबणाची वडी कशाला वाया घालवली असती? तो बँडचा आहे. तालीम संपली की मास्तर मोजून कपाटात ठेवतात आणि किल्ली कमरेला अडकवतात.

या खेपेला मी हाडं जोडायच्या खोलीतल्या कंपाउंडरला गाठलं. तो म्हणाला, प्लास्टर आकसत नाही, आणि एका पुडीत कोरडं बांधून दिलं. तालमीत पाण्याच्या सुट्टीत कालवलं, माउथपीसला तेल चोपडलं आणि कड एका डबीत, दांडी दुसरीत दाबली. मास्तर तेवढा वेळ ढोलवाल्यावर ओरडत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्या ढोलवाल्याचा उपयोग झाला. पुसलं तरी थोडं पांढरं राहिलंच, मास्तरांनी विचारलं हे काय, मी म्हटलं दंतमंजन. दोन्ही ठसे सोबत आहेत. ते खिडकीत ठेवू नकोस.

आणखी एक. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात अजून कुणाला आहे का हे. मी ठासून नाही म्हटलं. मग चादरींच्या घड्या घालताना आठवलं, तू घड्याळ कायम कापडी पट्ट्याने बांधतोस. शाळेत पट्ट्याच्या बक्कलाखाली तुझं पोट लाल व्हायचं, आई तेल लावायची. हे काय आहे ते लिही. गोल गोल लिहू नकोस, तेवढं वाचायला मी शिकलेली नाही.

लोभ करायला वेळ नाही, तो धरून चाल.

ताई

१८ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

प्लास्टरचे ठसे नीट पोचले. तीन माउथपीस केले आहेत, माप तिन्हींचं एकच. पांढरा मऊ प्लास्टिकचा आहे, काचेसारखा आरपार दिसणारा सगळ्यांत कडक, आणि काळा दोन्हींच्या मधला. कडा बारीक पाणकागदाने घासून गुळगुळीत केल्यात. ओठाला कोणता रुचतो ते मी इथे बसून सांगू शकत नाही, तूच निवड.

आता तू विचारलंस ते. मला कंटाळा आला नव्हता. माझेही ओठ असेच फुगायचे, कधी रक्त यायचं. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, वाजवणाऱ्याचे ओठ असेच तयार होतात, रडतोस काय. त्यांना स्वतःला कधी काही झालं नाही, त्यामुळे माझं त्यांना खरं वाटेना. रडका म्हणवून घेण्यापेक्षा आळशी म्हणवून घेणं मला सोपं गेलं.

तुझी साबणाची वडी आली तेव्हा कामाची काहीच गर्दी नव्हती. त्या ठशाला हात लाववत नव्हता, म्हणून ती चार दिवस खिडकीत राहिली. तेव्हा माप चुकलं त्यात साबणाइतकाच मीही आहे.

जमलं तर माया कमी करू नकोस.

बारकू

१ डिसेंबर

चि. बारकूस ताईचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

पांढरा पहिल्याच दिवशी बाद केला. ओठांवरून घसरतो आणि आवाज ओल्या गोधडीखालून आल्यासारखा येतो. काचेसारखा दिसायला देखणा, आवाजही खणखणीत, झांजवाली त्याच्यावरच भाळली. पण फरशीवर पडला आणि कडेचा टवका उडाला. तसली कड ओठाला लावायला मी काही वेडी नाही. राहिला काळा. तो ओठ धरतो, पण चावत नाही. पितळेसारखा गार लागत नाही, पहिल्या फुंकेलाच अंगचा वाटतो. पाच दिवस त्याच्यावर धून घोटली, ओठ एकदाही फुगले नाहीत.

मास्तर म्हणाले, ही कुकरची मूठ माझ्या बँडमध्ये चालणार नाही, चकचकीत ओळीत काळी दिसेल. मी म्हटलं, लोक बाजाचं तोंड बघतात, ते माझ्या डोक्यावर आहे आणि मी ते रोज घासते. मग काल वाजवली धून. उभ्याने, चालत, सबंध, दोनदा. दुसऱ्या खेपेला ढोलवाला चुकला, मी नाही. मास्तरांनी वही उघडली. सूझाफोनपुढे माझं नाव शिसपेन्सिलीने लिहिलं होतं ते खोडलं आणि शाईने लिहिलं. जावयाला आता झांजवालीकडे शिकायला बसवलंय.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी तुझा राग आला, एकतीस वर्षं मला खोटं सांगत आलास म्हणून. मग बाबांचा आला, पण तो धाडायचा कुठे? मग माझा मलाच आला, कारण परवापरवापर्यंत मीही तुला तेच सुनावत होते. ते शब्द मी परत घेते. हे एकदाच लिहिलंय, पुन्हा लिहायला लावू नकोस.

तालमीच्या खोलीमागे दुसरा सूझाफोन आहे, पोचे आलेला, त्याला माणूस नाही. माझा काळा माउथपीस त्याच्या नळीत लावून पाहिला, बरोबर बसतो. मास्तरांना विचारलं. म्हणाले, येऊ दे, बघू. त्यांचं बघू म्हणजे हो असतं. प्लास्टरचे ठसे तुझ्याकडे आहेतच. तेव्हा काळ्याच प्लास्टिकचा दुसरा कात आणि पंधरा तारखेच्या तालमीला घेऊन ये. आता तू लिहिशील, या वयात कशाला. ते वाक्य तू मागेच धाडलंस, माझ्याकडे पडून आहे. दुसरं काही सुचलं तर लिही.

तुझ्यावर लोभ होताच, मीच तो पितळेसारखा गार करून ठेवला होता.

उत्तर दहा तारखेच्या आत हवं. हो लिहायला एक ओळ पुरते. नाही म्हणायचं असेल तर पत्र नको, स्वतः येऊन तोंडावर सांग, आणि येताना माउथपीस घेऊन ये.

तुझी ताई