ब्रेंडाशेजारी बसण्याच्या अटीवर

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्च महिन्यात या घरी पोस्टाने आलेल्या वस्तू : काउंटी क्रिकेट क्लबचं मेंबरशिप कार्ड, ज्येष्ठांच्या दराने, पंचाण्णव पौंड. सीझनचं वेळापत्रक, कार्डाबरोबर फुकट. ऑगस्टमधल्या भारताच्या सामन्याची दोन तिकिटं, मेंबर म्हणून इतरांआधी मिळालेली, ऐंशी पौंड. हॉस्पिटलचं पत्र : सोमवार, १६ एप्रिल रोजी हृदयाची झडप बदलण्यासाठी उपाशीपोटी हजर व्हावं. तेही फुकट.

त्या पत्रामुळे दुकानातून मृत्युपत्राचा कोरा फॉर्म आणला, नऊ पौंड नव्याण्णव. फॉर्मात माझं म्हणणं मावेना, म्हणून रेघी कागदावर लिहिते आहे. फॉर्मचे पैसे वाया गेले.

मी, यमुना पुरुषोत्तम आठल्ये, वय अडुसष्ट, सांगलीहून मॅट्रिक, घर सांभाळणारी, राहणार १४, ऑर्चर्ड रोड, एल्डरफर्ड, असं लिहून ठेवते की माझी झडप बिघडली आहे, डोकं नाही. हे लिहिताना कोणी शेजारी उभं नाही, कोणी सुचवलेलं नाही, आणि औषधाची गुंगी चढलेली नाही. सकाळची पूजा झाली, दोन पोळ्या खाल्ल्या, मग बसले. १९९२ साली केलेलं मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात 'सर्व काही मुलास' अशी एकच ओळ होती. तेव्हा तो दर रविवारी फोन करत असे.

मराठीत लिहिते, कारण इंग्रजीत मला हिशेब लिहिता येतो, राग लिहिता येत नाही. भाषांतराचा खर्च इस्टेटीतून करावा. काउंटीचं नाव मुद्दाम घालत नाही. कमिटीवाले अब्रुनुकसानीचा दावा लावतील, आणि तोही खर्च इस्टेटीवरच पडेल.

१. व्यवस्थापक म्हणून मी वरच्या खोलीत भाड्याने राहणारे डॉ. मिलिंद सबनीस यांस नेमते. ते ह्यांच्या जुन्या हॉस्पिटलात नोकरीला आहेत, भाडं वेळेवर देतात आणि आंघोळीनंतर बाथरूम पुसतात. माझा मुलगा चि. अंबरीश यास नेमत नाही. पुढे एक अट येईल. ती पाळली की नाही हे पाळणाऱ्यानेच ठरवू नये.

२. देवघर, दत्ताची पितळी मूर्ती, समया व गुरुचरित्राची पोथी माझी धाकटी बहीण मीनाक्षी हिला सांगलीस पाठवावी, बोटीने, विमानाने नको. सूनबाई सौ. अनुया हिला देत नाही. तिने मागे बाळकृष्ण दिवाणखान्यात फुलदाणीशेजारी 'डेकोर' म्हणून ठेवला होता. तिला माझ्या सोन्याच्या चार बांगड्या द्याव्यात. दागिन्यांची तिला पारख आहे, आणि ती मनाने वाईट नाही.

३. ह्यांचा क्लबचा टाय, ब्लेझर आणि पॅव्हेलियनच्या पायरीवर काढलेला फोटो चॅरिटी शॉपला द्यावा. अंबरीशला हवा असेल तर त्याने तिथून विकत घ्यावा.

याचं कारण सांगणं भाग आहे. ह्यांनी १९६७ साली क्लबची मेंबरशिप घेतली. पॅव्हेलियनमध्ये बायकांना मज्जाव होता. मेंबरच्या बायकोला निराळं, स्वस्तातलं कार्ड मिळे. त्यावर मैदानात येता येई, आत जाता येत नसे, मत देता येत नसे. हे आत काचेमागे इतर डॉक्टरांबरोबर बसत, मी बाहेर लाकडी बाकावर, मांडीवर डबा. मला नेत ते डब्यासाठी. लंचला बाहेर येत, डबा घेत, "बरं चाललंय ना?" म्हणत आणि उत्तर ऐकायच्या आत परत जात.

पण मला खेळ तिथेच लागला. कोणी शिकवला नाही. थंडीत बसायचंच तर बघायचं काय, म्हणून बघू लागले. चार दिवसांचा सामना म्हणजे पारायण आहे. रोज ठरलेला भाग, मध्येच उठायचं नाही, आणि फळ मिळेलच असं नाही. एकही रन न देता ओव्हर गेली की मी जपाच्या माळेचा एक मणी पुढे सरकवते. महाराष्ट्र मंडळातल्या बायका म्हणत, "यमुनाताई, एवढा देवधर्म करता आणि गोऱ्यांचा खेळ बघत उन्हात बसता?" मी म्हणे, ऊन दाखवा, मग बोला. अनुयाने लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात विचारलं, "आई, चार दिवस बघून शेवटी ड्रॉ?" मी म्हटलं, बाई, माझं लग्न एकतीस वर्षं चाललं, तेही ड्रॉच.

४. पांढरा एप्रन, कपाटात खालच्या कप्प्यात, मलमलीत गुंडाळलेला. हा माझ्याबरोबर अग्नीत द्यावा.

१९९१ च्या जूनमधल्या एका शनिवारी हे लंचला बाहेर आले नाहीत. मी डबा घेऊन पॅव्हेलियनच्या दाराशी गेले. दारावरचा माणूस म्हणाला, "सॉरी मॅडम, फक्त मेंबर."

"माझे मिस्टर आत आहेत."

"मग ते बाहेर येतील."

मी थांबले. लंच संपला, खेळ सुरू झाला. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. चहाच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या ब्रेंडा हॅलम हिने ते खिडकीतून बघितलं. तिची माझी ओळख चहाचे पैसे देण्याघेण्यापुरती. तिने माझा दंड धरला, मागच्या दाराने आत घेतलं, आपला एप्रन सोडून माझ्या साडीवर बांधला आणि हातात कपबशांचा ट्रे दिला. म्हणाली, "खाली बघ आणि चाल."

आम्ही पुढच्या दारावरून गेलो. तोच माणूस उभा होता. बायको म्हणून मला त्याने अडवलं होतं. एप्रन घातल्यावर त्याने माझ्यासाठी दार धरलं.

हे खिडकीजवळच्या खुर्चीत होते. मान कलली होती. सगळ्यांना वाटलं झोपलेत, कारण रोजच झोपत. मी ट्रे ठेवला आणि हात धरला. हात गार होता. मग मी मान वर करून खिडकीबाहेर बघितलं. इतकी वर्षं माझी समजूत होती की आत बसले तरी अधूनमधून माझ्याकडे नजर टाकत असतील. त्या खुर्चीवरून आमचं बाक दिसतच नाही. साइटस्क्रीनचा मोठा पांढरा पडदा मध्ये येतो.

मी रडले ते ब्रेंडाच्या खांद्यावर, स्वयंपाकघरात, उकळत्या पाण्याच्या टाकीशेजारी. नंतर दिवसाचं काम आटोपलं की ती माझ्या बाकावर येऊन बसू लागली. काम सोडल्यावर पूर्ण दिवस. पुढे क्लबने नियम बदलले, बायकांना पूर्ण मेंबर करून घेतलं. आता मला आत जाता येतं. गेले नाही.

५. काउंटी क्लब. दर वर्षी त्यांचं पत्रक येतं : 'आपल्या मृत्युपत्रात क्लबची आठवण ठेवा.' ठेवली आहे, ती अशी. क्लबास एक पेनीही देऊ नये.

जून-जुलैचं चांगलं ऊन त्यांनी ट्वेंटी-ट्वेंटीला दिलं. तीन तासांचा तमाशा, प्रत्येक फोरला भोंगा, रंगीत कपडे, बिअरचे ग्लास माझ्या पायांशी. चार दिवसांचा खरा खेळ ढकलला एप्रिलात, जेव्हा अंपायरसुद्धा खिशातून हात काढत नाही, आणि सप्टेंबरात, जेव्हा लंचपर्यंत गवत ओलं असतं. आपण वाढवलेली पोरं इंग्लंडवाले उचलून नेतात आणि पट्ट्या बांधून परत पाठवतात. त्यांच्या जागी कायद्यातली पळवाट काढून दक्षिण आफ्रिकेहून माणसं आणतात. परदेशी स्टार तीन आठवडे राहतो, नाव लक्षात राहीपर्यंत विमानात बसलेला असतो. टीव्हीवर फुकट दिसायचं तेही गेल्या वर्षीपासून डिशवाल्यांकडे गेलं. दोन वर्षांमागे लाकडी बाकं काढून प्लास्टिकच्या खुर्च्या बसवल्या. आमचंही बाक गेलं. सेक्रेटरी म्हणाला, "मिसेस ॲथली, या जास्त आरामशीर आहेत." त्याने बसून दाखवलं नाही.

क्रिकेटवर माझा राग नाही. खेळ मैदानात होता, दार पॅव्हेलियनला होतं.

६. राहतं घर, १४ ऑर्चर्ड रोड, कर्ज फिटलेलं, माझ्या एकटीच्या नावावर. हे घर अंबरीश पुरुषोत्तम आठल्ये, दातांचा डॉक्टर, राहणार ईलिंग, यास मिळावं, खालील अटीवर.

ब्रेंडा आता ऐंशीची आहे. तीन सीझन झाले, तिला मधलं दिसत नाही. कडेचा उजेड तेवढा कळतो. मुलगी ऑस्ट्रेलियात. रेडिओवर आमच्या काउंटीचा नुसता स्कोअर सांगतात. मैदानावर ती येते, आणि प्रत्येक बॉल मी तिला सांगते. माझ्या पश्चात एक पूर्ण सीझन, घरच्या मैदानावरच्या चार दिवसांच्या प्रत्येक सामन्याचा निदान एक दिवस, अंबरीशने तिच्या शेजारी बसावं आणि बॉल सांगावेत. स्वतः. माणूस पाठवू नये.

ही अट का, ते त्याला ठाऊक आहे, पण लिहिते. भारताचा संघ आला की माझा मुलगा येतो. एरवी त्याला क्लिनिक असतं. २००२ साली माझ्या मेंबरशिपवरची दोन्ही तिकिटं नेली, सासऱ्यांना घेऊन गेला, आणि संध्याकाळी मला फोनवर विचारलं, "आई, टीव्हीवर आम्ही दिसलो का?" गेल्या ऑगस्टात या वर्षीच्या तिकिटांचं बोलायला आला, तेव्हा मी म्हटलं, चल, मैदानावर बोलू. मला मध्ये गोळी घ्यायला उठायचं होतं. सांगून गेले, "पाच मिनिटं ब्रेंडाला सांग."

परत येताना पाठीमागून ऐकलं. टाळ्या झाल्या होत्या. ब्रेंडाने विचारलं, "काय झालं, बाळा?"

हा मोबाइलवरून डोळे न काढता म्हणाला, "फोर."

"कुठे गेला?"

"तिकडे." आणि बोट दाखवलं. आंधळ्या बाईला बोट दाखवलं.

ब्रेंडाला बोटाचं कसं कळलं कोण जाणे, त्याच्या बाहीची सळसळ ऐकली असेल. तो गेल्यावर हसून म्हणाली, "मिसेस ए, पोरगा डॉक्टरांवर गेलाय. तेही चहा हवा असला की नुसतं बोट करायचे."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

अट पाळली नाही तर घर विकून त्यातून ब्रेंडाच्या हयातीपर्यंत पगारी माणूस ठेवावा. तो निदान पगारासाठी तरी मैदानाकडे बघेल. उरलेली रक्कम नात सिया हिला पंचविसाव्या वर्षी द्यावी.

७. बॉल कसा सांगावा. ही सूचना घराच्या कागदांइतकीच महत्त्वाची समजावी.

आधी बॉलर कुठल्या बाजूने येतो ते. चर्चकडून की चहाच्या खोलीकडून. मग टप्पा, मग बॅट, मग बॉल कुठे गेला. "मस्त", "वाव" असं म्हणू नये. ब्रेंडा म्हणते, "छान होता ते टाळ्यांवरून कळतं, गेला कुठे ते सांग." कॅच सुटला तर आधी कोणाच्या हातून. विकेट पडली तर लगेच बोलू नये, तिला ती आधी ऐकायची असते. दोन ओव्हरींच्या मध्ये ढग, कबुतरं, नवीन कोण येऊन बसलं. पाऊस तिला सांगावा लागत नाही, आपल्याआधी कळतो.

इंग्रजी अडलं तर मराठीत सांगावं. बॅट आणि पॅडमधून बॉल जातो त्याला मला इंग्रजी शब्द सापडेना, मी म्हटलं "सुळकन". आता स्टंप उडाल्याचा आवाज आला की ब्रेंडाच विचारते, "सुळकन, मिसेस ए?"

लंचला लोकांना मैदानात फिरू देतात. तेव्हा तिला हाताला धरून पिचजवळ न्यावं आणि वाकून गवत चाचपू द्यावं. घाई करू नये.

८. ब्रेंडा हॅलम हिला : आईच्या लुगड्यांची गोधडी, मोठा थर्मास आणि बिल्डिंग सोसायटीच्या बचत खात्यातले तीन हजार पौंड, टॅक्सीसाठी. दुर्बीण शेजारी बसणाऱ्यास. बाकीची शिल्लक माझ्या अंत्यविधीस, साध्यात साधी पेटी, फुलं नकोत. उरेल ते सियाला.

ब्रेंडा साक्षीदार नाही. तिला यातून काही मिळतं आहे, आणि ज्याला दिसत नाही त्याची साक्ष या देशात चालत नाही. मी तिला तसं सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे ज्यांना दिसतं त्यांची चालते? कमाल आहे."

हे सर्व मी पूर्ण समजून लिहिलं, पुन्हा वाचलं, आणि कुठेही मऊ केलं नाही.

स्थळ : एल्डरफर्ड, स्वयंपाकघरातलं टेबल.
दिनांक : सोमवार, २ एप्रिल २००७, चैत्र पौर्णिमा, हनुमान जयंती, शके १९२९.

सही : यमुना पुरुषोत्तम आठल्ये

आम्हा दोघांच्या समक्ष एकाच वेळी त्यांनी सही केली, व त्यांच्या समक्ष आम्ही केली. मजकूर आम्ही वाचलेला नाही, त्यांनी कागद हाताने झाकला होता.

साक्षीदार : १. मोहन चितळे, १६ ऑर्चर्ड रोड. २. रेखा चितळे, तिथेच.

ता. क. चि. अंबरीश यास नकलेसोबत :

मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होतं. मी सोळा तारखेला टेबलावर असेन. पहिला सामना बुधवारी, अठराला आहे. मी जगले तरी तीन महिने घराबाहेर पडू देणार नाहीत, म्हणजे त्या दिवशी तिच्या शेजारी मी नाही हे नक्की. मिलिंद ब्रेंडाला कामावर जाता जाता गेटपर्यंत सोडतील. साडेदहाला ती जागेवर असेल आणि मैदानाकडे तोंड करून बसेल.

मी जगले तर घर तुला इतक्यात मिळत नाही. तेव्हा अठराला आलास तर घरासाठी आलास असं मला म्हणता येणार नाही. भारताच्या सामन्याची दोन्ही तिकिटं याच पाकिटात घातली आहेत. पैसे पाठवू नकोस. आता माझ्याकडून मागून घेण्यासारखं तुझं काही राहिलेलं नाही.

येतोस की नाही ते कळव. फोन करू नकोस, फोनवर तू "बघतो" म्हणतोस. तिकीट लावलेलं, माझा पत्ता घातलेलं पाकीट सोबत आहे. त्यात एकच शब्द लिहून घाल आणि उलट टपाली पाठव.