सिनेमातले काका-काकी

गडचिरोली, गुरुवार

प्रिय काकी,

ज्या सिनेमामुळे तू जिशानमामाला फोन करून ‘सैफले घेऊन जा’ म्हणालीस, तो सिनेमा मी काल पाहिला. करिष्माच्या मोबाइलवर, हॉस्टेलच्या एका पलंगावर आम्ही सगळ्या कोंबून बसलो होतो. मामा रविवारी घुग्घुसहून येणार आणि सैफला कायमचा घेऊन जाणार, हे मला सैफनेच फोनवर सांगितलं. जातो ना आपा, काय होते, तिथची शाळा मोठी आहे, असं म्हणाला. मी म्हटलं, थांब, आधी तो सिनेमा तरी पाहू दे, ज्याने माझं घर मोडायला काढलंय. फोनवर तुझ्याशी हे बोलायची सोय नाही. काका फोन स्पीकरवर टाकतो आणि अमरीनने आज कोणती भाजी खाल्ली ते अर्ध्या मोहल्ल्याला कळतं. म्हणून पत्र. नूतन शनिवारी तिच्या गावी, मूलला, जाते आहे, वाट वाकडी करून ती तुझ्या हातात देईल. अक्षर मोठं काढलंय, चष्मा शोधत बसू नको.

तर सिनेमा. बाप्पा, काय तो सिनेमा! आईबाप गाडीच्या अपघातात जातात, आणि बहीणभाऊ बापाच्या दोस्ताच्या बंगल्यावर राहायला येतात. बंगला कसला, रेस्ट हाउसच. दोस्त गोड बोलतो, त्याची बायको त्याहून गोड बोलते, आणि वरच्या मजल्यावर एक खोली आहे जिला कायम कुलूप. करिष्मा तर नावांची पाटी पडल्या पडल्या म्हणाली, हाच काका खुनी आहे, आता झोपा. तरी एकही झोपली नाही. नूतन पहिल्यापासून शेवटपर्यंत रडली, तिला कथा कळली की नाही देव जाणे. वॉर्डनबाई ओरडायला आल्या आणि दारातच उभ्या राहून पूर्ण सिनेमा पाहून गेल्या. जाताना म्हणाल्या, त्या पोरीने पहिल्याच दिवशी पोलिसात जायला पाहिजे होतं, फालतू एवढा वेळ लावला. नंतर करिष्माने लोकांनी खाली काय काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. एक म्हणतो, शेवट आधीच कळला, रात्र वाया गेली. एक म्हणतो, इतकी पळते पण हिरोइनचा केस हलत नाही. एकाने मात्र लिहिलं होतं की आईबाप गेल्यावर लेकरांनी रक्ताच्या माणसाकडेच जावं, परक्याचा भरवसा नाही. त्याच्या खाली लोकांनी हात जोडल्याची, टाळ्यांची चित्रं टाकली होती. मला असा राग आला म्हणून सांगू!

कारण हेच तर आपल्या घरात झालं. टीव्हीवर तो सिनेमा लागला, शेजारची इतवारीबाई पदराने वारा घेत बसली होती, आणि म्हणाली, ‘याईनंच मारलं असंन मायबापाले, दौलतीसाठी.’ सिनेमाबद्दल म्हणाली की आणखी कशाबद्दल, तिलाच ठाऊक. पण मग तिने अब्बांचं नाव काढून तुला विचारलं, बाबूभाईची मूलची दुकानाची खोली आता कोणाच्या नावानं आहे वं प्रेमिला? सैफ तिथेच बसला होता, त्याने सगळं ऐकलं. तू उठून आत गेलीस, त्या दिवशी जेवली नाहीस, आणि दुसऱ्या दिवशी मामाला फोन केलास. अवो काकी, इतवारीबाईला विचारायचं तरी होतं की ती खोली कधी पाहिली का म्हणून!

मी पाहिली आहे ना. बाजाराच्या दिवशी काकासोबत मी मूलला जायची तेव्हा काका मासळीचं घमेलं घेऊन कुठे बसायचा? अब्बांच्या बंद दुकानासमोर, जमिनीवर, उन्हात. पाठीमागे पत्र्याचं छप्पर, आत ओटा, वजनकाटा, आणि दाराला कुलूप. किल्ली काकाच्याच करगोट्याला. एप्रिल-मे महिन्यात ओला रुमाल डोक्यावर टाकून बसायचा, पण कुलूप उघडायचा नाही. मी एकदा म्हटलं, काका, आत बस ना, कोण काय म्हणतं? तर म्हणे, ते सैफचं आहे, तो मोठा झाला की बसंन. वर्षातून एकदा मात्र उघडायचा, चुना मारायला. मला तेव्हा हसू यायचं. आता येत नाही.

सिनेमात ती गोड बाई पोरीला दुधाचा पेला आणून देते, तेव्हा आमचा सगळा पलंग ओरडला, पिऊ नको गं! मी नाही ओरडले. मी तुझ्या चुलीजवळ जाऊन पोचले होते. अम्मी-अब्बा घुग्घुसच्या लग्नाला गेले आणि आम्हाला तुझ्याकडे ठेवून गेले, एका रात्रीपुरतं. अब्बा तुमच्या तलावाची मासळी घ्यायचे, तेवढीच ओळख. रात्रीतून दोघंही अपघातात गेल्याची बातमी आली आणि आम्ही तुझ्याकडेच राहिलो. मी बारा वर्षांची होते, सैफ सात. सैफ तुझा पदर सोडत नव्हता. पहिल्या दिवशी तू मरळ रांधली, दुसऱ्या दिवशी रोहू, तिसऱ्या दिवशी परत मरळ. मला वाटायचं, ढिवराचं घर आहे, मासळीच खात असतील. सणाला शेजारच्या घरातून कोंबड्याच्या रश्श्याचा वास यायचा, आपल्याकडे मासळीच. कोणी विचारलं तर काका सांगायचा, मले डॉक्टरनं कोंबडा मना केला.

मागच्या सुट्टीत काकाच्या जोडीने जाळं टाकणाऱ्या मंगरूकाकाने ती गंमत फोडली. तलावाच्या पाळीवर बसला होता, मला म्हणे, मनसारामले कोणत्या डॉक्टरनं मना केलं वं? त्यानं जिंदगीत डॉक्टर पायला नाई. कोंबड्यासाठी जीव देणारा माणूस होता तो! मग त्याने सांगितलं. गावात हलाल कोण करतो? लेकरांसाठी वेगळं शिजवावं, वेगळी भांडी ठेवावी, तर लेकराईले वाटंन आपण परके आहो. मासळीला तो प्रश्नच नाही, मासळी कोणीही खावी. म्हणून घरात मासळीच. ईदच्या दिवशी मात्र काका सायकलने मूलला जाऊन बाबूभाईच्या ओळखीच्या खाटकाकडून मटण आणायचा, आणि आपण चौघं एका परातीभोवती बसायचो. काका नळी चोखायचा तेव्हा डॉक्टर कुठे जायचा, हे मला कधीच सुचलं नाही. काकी, तुम्ही दोघांनी हे आपसात ठरवलं आणि एवढी वर्षं तोंडातून काढलं नाही. लोक धर्मावर भाषणं देतात, आणि तुम्ही खोटा डॉक्टर शोधला!

मी तुला कधी थँक्यू म्हटलं नाही. आपल्याकडे घरात कोण कोणाला म्हणतं? म्हटलं असतं तर तू म्हणाली असती, पोट्टी गडचिरोलीले जाऊन बिघडली. पण आज म्हणते, कागदावर म्हणते, म्हणजे पुसता येणार नाही. तू मला पहिल्या पाळीच्या वेळी पोट शेकायला शेगडी आणून दिली, नर्सिंगला पाठवताना काकाशी भांडली, आणि शुक्रवारी सैफ आळस करायचा तर त्याला तूच हाकलायचीस नमाजला, की मायनं काय शिकवलं होतं विसरला का म्हणून. माझ्यात जे काही चांगलं आहे त्यात अम्मीचं किती आणि तुझं किती, ते मला वेगळं करता येत नाही. करायचंही नाही.

आणि हो, जिशानमामा वाईट माणूस नाही. तो सिनेमातल्यासारखा असता तर बरं झालं असतं, एका वाक्यात नाही म्हणता आलं असतं. तेव्हा तो ट्रकवर होता, दुसऱ्यांच्या खोलीत झोपायचा, आम्हाला कुठे नेणार होता? आता त्याचं लग्न झालं, सलीमा मामी लाघवी आहे, त्यांनी सैफसाठी खाटसुद्धा आणून ठेवली. त्याला नाही म्हटलं तर त्याच्या मनाला लागणार. लागू दे. त्याची समजूत मी काढीन, भाची आहे मी त्याची, मला येतं.

आता खरं सांगते पत्र का लिहिलं ते. आज सकाळी सैफचा परत फोन आला, तलावाच्या पाळीवरून, काका जाळं टाकायला गेला तेव्हा. मिसरूड फुटलेला पोट्टा, काकी, हुंदके देऊन देऊन रडत होता. म्हणे, ‘आपा, काकीनं माही बॅग भरली, कपडे घडी केले, लोणचं बांधलं, पण एकदाबी राह्य म्हणलं नाई. मी जड झालो का वं तिले?’ मी त्याला काय सांगू? तुला वाटतं तुझा हक्क नाही, त्याला वाटतं तू कंटाळली, आणि दोघंही तोंड शिवून एकाच ताटात जेवताय. लोक सिनेमे पाहून काय म्हणायचं ते म्हणोत, तू त्यांच्यासाठी माझा भाऊ देऊ नको. मामा यायच्या आधी सैफला सांग, राह्य. तेवढंही तोंडातून निघत नसेल तर बॅग उघड आणि त्याचे कपडे परत खुंटीला टांग. तो समजंन.

तुझीच पोट्टी,
अमरीन