अर्नेस्टीनचा उपदेश एकदा ऐकू देण्याबाबत

प्रति,
मा. कुलसचिव,
बेथुएल धर्मशास्त्र महाविद्यालय,
मेकन, जॉर्जिया.

विषय : दिवंगत विद्यार्थिनी अर्नेस्टीन ब्रॅडी यांच्या परीक्षा-उपदेशाचे ध्वनिमुद्रण पतीस ऐकू देण्याबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाचे दि. ९ सप्टेंबरचे नकारपत्र.

महोदया,

१. मी क्लिओफस ब्रॅडी, वय ७१, माउंट निबो बॅप्टिस्ट मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, कारभार पाहणाऱ्या सहा डीकनांचा अध्यक्ष. माझी पत्नी शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यावर, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, आपल्याकडे 'कृष्णवर्णीय चर्चची परंपरा व नेतृत्व' शिकू लागली. तीन वर्षे दर मंगळवारी नव्वद मैल गाडी मीच चालवली. परतताना ती त्या दिवशीचे शिकलेले सांगे. एकदा म्हणाली, "गुलामगिरीत झाडीत लपून प्रार्थना चालवायच्या त्या बायकाच होत्या, क्लिओफस. आणि आपण अजून बायकांना खाली उभं राहूनच बोलायला लावतो." मी रस्त्याकडे पाहत राहिलो.

२. अखेरच्या परीक्षेसाठी तिने स्वतःच्या मंडळीत उपदेशपीठावरून उपदेश करावयाचा होता. आमच्याकडे स्त्रीने उपदेशपीठावर चढण्याची रीत नाही. परवानगीचा ठराव आला तेव्हा तीन डीकन बाजूने होते, दोन विरोधात. मी विरोधात हात वर केला. बरोबरी झाली की ठराव पडतो. अध्यक्षाने बायकोसाठी नियम मोडला असे होऊ नये, हे कारण मी सर्वांना दिले. खरे असे की, ती वर उभी आणि मी खाली बसून ऐकतो आहे, याची मला लाज वाटली. गाडीत ती एवढेच म्हणाली, "नव्वद मैल आणलंस रे मला. चार पायऱ्या तेवढ्या जड झाल्या तुला."

३. मग आपल्या अनुमतीने तिने शेजारच्या गावी, जेथे पाळक, म्हणजे मंडळीची धर्मगुरू, स्त्रीच आहे अशा मेथडिस्ट मंडळीत उपदेश केला; त्याचेच ध्वनिमुद्रण आपल्याकडे आहे. त्या रविवारी तिने दारातून विचारले, "येतोस ना?" मी म्हटले, कबरस्तानातले गवत कापायचे आहे. "मेलेल्यांना घाई नसते," असे म्हणून ती बहिणीबरोबर निघाली. मी दुपारपर्यंत गवत कापले. ती आल्यावर मी काही विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी सकाळी, चुलीजवळ उभी असतानाच ती गेली.

४. अंत्यविधीला लोक माझा हात धरून म्हणत होते, "काय बोलली हो ती! सगळे उभे राहिले. तुम्ही तर पुढंच बसला असाल." मी मान डोलावली. तिच्या शवपेटीशेजारी उभा राहून खोटे बोललो. तिची बहीण लव्हेडा म्हणते, उपदेशात माझ्याविषयीही काही होते. काय ते तीनदा विचारले. "तिच्या तोंडून ऐकायचं होतंस, डीकन. मी नाही सांगायची."

५. आपल्या कार्यालयाच्या खिडकीवरील मुलगी सभ्यपणे म्हणाली, "काका, ध्वनिमुद्रणासाठी विद्यार्थिनीची सही लागते." मी म्हटले, "बाळ, ती वारली." मुलगी गोंधळली. "मग त्यांची आधी केलेली सही आहे का कुठं?" मी घर धुंडाळून तिच्या बायबलच्या पहिल्या पानावरची सही घेऊन आलो. ती संमती म्हणून ग्राह्य धरता येत नाही, असे आपले पत्र आले.

६. मागील महिन्यात तोच ठराव मी स्वतः मांडला. बाकीचे डीकन हळू आवाजात म्हणाले, "आता कुणासाठी, क्लिओफस?" ठराव पुढील बैठकीवर गेला आहे.

७. मला प्रत नको. आपल्या कार्यालयात, आपल्यादेखत, एकदाच ऐकू द्यावे. ती मला वाईट बोलली असेल तर तेही ऐकून घेईन. हे नियमात बसत नसल्यास आपल्यापैकी कोणी ते ऐकून मला एक गोष्ट सांगावी. चारचौघांत बोलताना पहिल्याच वाक्याला तिचा घसा कोरडा पडत असे. चव्वेचाळीस वर्षे मी पुढच्या बाकावर पाण्याचा पेला धरून बसत आलो. त्या दिवशी तिला पाणी कोणी दिले, एवढे तरी कळवावे.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
नम्र,
क्लिओफस ब्रॅडी
दि. २१ ऑक्टोबर

सोबत : १) मृत्यूचा दाखला. २) विवाहाचा दाखला. ३) आपला छापील अर्ज, विद्यार्थिनीच्या सहीची जागा कोरी.